खाली लाइट

मोहाचा वास आला की लोकांना म्हणे काय काय होतं. कुणाला गाव आठवतं, कुणाला चोरून घेतलेला पहिला घोट. मला काही होत नाही. परवा चंद्रपूरहून मूलकडे चाललो होतो. जंगल लागलं तशी जावयानं गाडीची काच खाली केली, छातीभर श्वास घेतला आणि म्हणाला, "वा, काय वास आहे मामाजी!" मी म्हटलं, "हो, आहे." तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. म्हाताऱ्याचं नाक गेलं असं त्याला वाटलं असेल. नाक शाबूत आहे माझं. वास येतो, गोडसर, जड, थोडा आंबूस. फक्त तो नाकापाशी थांबतो, पुढे जात नाही.

हे असं आधी नव्हतं. ते एका उन्हाळ्यापासून सुरू झालं. ऐंशीच्या दशकाची पहिली पहिली वर्षं, गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झालेला, आणि मी तिशी ओलांडलेला, मिशीला तेल लावून फिरणारा लग्नाचा फोटोग्राफर.

चंद्रपुरात आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, दहा बाय बाराची खोली. मागे पडदा आणि पडद्यावर काश्मीर. ज्यानं तो रंगवला त्यानं काश्मीर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यातला बर्फाचा डोंगर थेट आमच्या माणिकगडासारखा दिसायचा. लग्नाचा मोसम लागला की खोलीला कुलूप. एका खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी, दुसऱ्यावर फ्लॅशची बॅटरी, आणि यष्टीत खिडकीची जागा मिळाली तर मिळाली. आज गडचांदूर, उद्या भद्रावती, परवा पार वैनगंगेपलीकडे. गडचांदूरच्या लग्नात नवरदेवाच्या काळ्या कोटावर सिमेंटची भुकटी बसायची, दर दोन फोटोंमागे त्याला सतरंजीसारखा झटकावा लागे. भद्रावतीला कारखान्याच्या कॉलनीतली लग्नं शिस्तीची. माणसं घड्याळ पाहून हार घालत. नदीपलीकडची लग्नं जांभळीच्या हिरव्या डहाळ्यांच्या मांडवात. तो मांडव सकाळी गार असायचा आणि दुपारपर्यंत वाळून कुरकुर वाजायचा. एका मोसमात तीस-चाळीस नवऱ्या पाहिल्या की पुढे पुढे सगळ्या एकच दिसायला लागतात. "हसा", "मान वर", "मामा, जरा सरका", एवढेच शब्द दिवसभर तोंडात. घरी आल्यावर बायकोलाही मी "जरा सरक" म्हणायचो आणि तिनं डोळे वटारले की भानावर यायचो.

भद्रावतीच्या कॉलनीत एक बंगाली साहेब होते. त्यांच्या भाचीच्या लग्नात माझं काम त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी मला जुन्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा दिला. फोटोग्राफीची मासिकं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण फोटो बघायला ते कशाला लागतं? धुक्यातलं एक झाड. ओसाड रस्ता. डबक्यात उडी मारणारं पोर, त्याच्या पायाखालचं पाणी हवेतच थांबलेलं. ते पोर कॅमेऱ्याकडे बघतही नव्हतं. मी तो गठ्ठा मोसमभर उशाशी ठेवला. शेकडो पानं असतील, त्यात एकाचंही लग्न नव्हतं!

तेव्हापासून मला खाज सुटली. आपणही असे फोटो काढायचे. जंगल काढायचं, नदी काढायची, रस्ते काढायचे, लेकरं काढायची. पण रीळ महाग, आणि आमच्या कॅमेऱ्यात एका रिळाचे फोटो निघत बारा. लग्नाला मी तीन रिळं न्यायचो, म्हणजे छत्तीस. अल्बमची काळी पानं तीस फोटोंत भरायची. उरलेले सहा माझे. लग्नघरचे विचारत नसत आणि मीही सांगत नसे. त्या सहासाठी मी अख्खं लग्न कसंबसं ढकलत असे.

माझी बायको सुलोचना याच्यावर फार हसायची. "झाडाचा फोटो कोन लावते घरात?" ती म्हणायची. "झाड काय कुठी पळून जाऊन राह्यलं? उद्या गेले तरी तिथीच उभं दिसन. काढाचेच असन त लेकराचे काढा, ते लवकर मोठे होते."

"लेकरांचेही काढणार आहे," मी म्हणायचो. "पण नैसर्गिक पाहिजेत. कॅमेऱ्याकडे न बघणारी."

"मंग आंधळे लेकरं शोधा," ती म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची.

तिचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडची पोरं कॅमेरा दिसला की मास्तर वर्गात आल्यासारखी ताठ होत. हात मांड्यांना चिकटलेले, श्वास धरलेला, डोळे बटाट्याएवढे. आणि लग्नात अशी पोरं शे-दीडशे. "माहा काढा, माहा काढा" म्हणून सदरा ओढत. त्यांना हाकलून लावलं तर यजमान नाराज, आणि फोटो काढत बसलं तर रीळ संपतं. म्हणून आमच्या धंद्यात एक तोड होती. फ्लॅशच्या पाठीमागे एक बारकं बटण असतं, बत्ती चालते की नाही हे तपासायला ठेवलेलं. कॅमेऱ्याला हात न लावता ते बटण दाबलं की लख्ख उजेड पडतो. रीळ जागचं हलत नाही. पोर खूश, यजमान खूश. याला आम्ही 'खाली लाइट मारणं' म्हणायचो, खाली म्हणजे रिकामी. माझ्या उस्तादानं मला कॅमेरा धरायला नंतर शिकवलं, आधी हे शिकवलं. त्यात फसवणूक आहे असं कुणालाच वाटत नसे. फुगा द्यावा, गोळी द्यावी, तसाच थोडा उजेड द्यायचा.

वैनगंगेपलीकडे, धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात शाळेच्या गुरुजींच्या मुलीचं लग्न होतं. बौद्ध घरचं लग्न, सुटसुटीत. पांढरी साडी, मेणबत्त्या, वंदना, आणि दुपारच्या आत सगळं उरकून जेवणाची पंगत. गावात निम्मी घरं गोंडांची, तीही सगळी मांडवात राबत होती. सकाळचे दहा वाजले असतील. मी कॅमेऱ्यात नवं रीळ भरत होतो.

"माहा बी काढा ना जी."

खाली पाहिलं तर सहा-एक वर्षांची पोर. केसांना इतकं तेल की कपाळावर ओघळ आलेला. अंगात निळा फ्रॉक, दोन वर्षं पुढच्या मापाचा. तो खांद्यावरून घसरायचा आणि ती दर वेळी कोपरानं तो वर ढकलायची.

"नाव काय व तुझं?"

"मैना."

"कोणाची तू?"

"सोमाची. हा मांडव माह्या बापानं घातला." हे तिनं असं सांगितलं की आता तिचा फोटो काढणं मला भागच होतं.

मी तिला खांबापाशी उभी केली. ती ताठ झाली. गाल फुगवून श्वास धरला. मी कॅमेरा छातीशी धरला, मान खाली घालून काचेत पाहिल्यासारखं केलं, आणि बटण दाबलं.

"झाला?"

"झाला."

"निघाला?"

"निघाला की."

"मले कवा दिसन?"

"पुढच्या खेपेला आणतो."

ती मांडवभर पळत सुटली. "मले लाइट लागली! आई, मले लाइट लागली!" मांडवाच्या कडेला एक काळासावळा, सडपातळ माणूस सुटलेली डहाळी बांधत होता. तोच सोमा. त्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले. मीही मान हलवली.

तेव्हा माझ्याकडे माझे सहाच्या सहा फोटो शिल्लक होते, हे मला अगदी नीट आठवतं. ऊन उतरल्यावर मी शेताच्या बांधावर गेलो. तिथे एक मोहाचं झाड होतं, म्हातारं, अर्धं पोखरलेलं. शेवटची फुलं पडत होती आणि नवी तांबूस पालवी फुटली होती. एक बाई खाली वाकून टोपलीत फुलं वेचत होती. मी सहाही फोटो त्या झाडावर घातले. उभं, आडवं, खालून, लांबून. परत येताना मी शीळ वाजवत होतो. झाडाचा फोटो फार सुरेख निघाला. आजवर मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तोच असावा. तो मी कुणाला दाखवत नाही.

तीनेक आठवड्यांनी सोमा चंद्रपुरात आला.

ते दिवस तेंदूपत्त्याचे होते. त्या दिवसांत खेड्यातला माणूस शहराकडे फिरकत नाही. अंधार सरायच्या आत घरचं प्रत्येक माणूस जंगलात, दुपारी सावलीत बसून पानांचे पुडे बांधायचे, आणि दिवस कलला की ते फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे नेऊन द्यायचे. वर्षाची मीठमिरची त्या पंधरा-वीस दिवसांवर. म्हणून तो दारात दिसला तेव्हा मला आधी ओळखूच आलं नाही.

"फोटूवाले भाऊ तुमीच ना जी?"

"हो, या. बसा."

तो बसला नाही. "मैनाचा फोटू न्याले आलो."

माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं. वर्षानुवर्षं देत आलेलं. "अजून धुवायचाय हो. फार काम साचलंय."

"काई घाई नाई," तो म्हणाला. "पोरगी त गेली. पन तिची माय म्हनते, फोटू त आना."

"कुठं गेली?" मी विचारलं. खरंच विचारलं. मला वाटलं मामाकडे गेली असेल.

"मेली जी. सोमवारी. ओकाऱ्या अन् हगवन लागली दुपारी. आमी दोघंबी पानं तोडाले गेल्तो. लहानी तेवढी जवळ होती. आलो तवा डोळे पांढरे झाल्ते."

माझ्या हातात एका नवरीचा ओला फोटो होता. मी तो दोरीला लावला, चिमटा नीट बसला का पाहिलं, वाकडा वाटला म्हणून काढून पुन्हा सरळ लावला. मला काही वाटलं नाही. मी वाट पाहिली, की आता वाटेल. छातीत काही होईल, डोळे भरतील. काहीच नाही. दात काढताना डॉक्टर सुई मारतात आणि मग गाल आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंग झालेलं. सोमा भिंतीवरचं काश्मीर बघत उभा होता. "मी गावी घेऊन येतो," मी म्हटलं. "आठ दिवसांत." त्यानं पाणी मागितलं, दोन गिलास प्यायला आणि गाडी पकडायला गेला.

मग मी गुरुजींच्या घरच्या लग्नाची तिन्ही रिळं काढली. खिडकीच्या काचेवर धरून, भिंग लावून, एकेक चौकोन पाहिला. कुठंतरी असेलच की. पोरं काय, मधेमधे घुसतातच. एरवी शंभर वेळा त्यांनी माझे फोटो बिघडवले होते. तीस फोटोंत सगळं गाव होतं. गुरुजी होते, मावश्या होत्या, एक कुत्रंसुद्धा होतं. नवरीच्या मावशीच्या पाठीमागे, अगदी कडेला, एक कोपर होतं. वर उचललेलं. मी ते मोठं करून पाहिलं, तर नुसते दाणे दाणे झाले. कोपर घेऊन माय काय करणार? उरलेल्या सहा चौकोनांत मोहाचं झाड होतं.

सुलोचनाला मी सगळं सांगितलं. ती या वेळी हसली नाही.

"मंग जाऊन खरं सांगा."

"एवढं सोपं आहे का ते?"

"सोपं हाये असं कोन म्हनते? सांगा, म्हनते मी."

गावी जाताना मी खरंच ठरवून गेलो होतो. कॅमेऱ्याची पेटी आणि बॅटरी का घेतली खांद्यावर, ते मला सांगता येणार नाही, सवय असेल. गडचिरोलीपर्यंत एक गाडी, पुढे दुसरी, आणि मग भर उन्हात चालत. जंगल आत्ता आत्ता पालवलेलं, तेंदूच्या खुरट्या झाडांची पानं ओरबाडलेली. वाटेत वाक्यं जुळवत होतो. "सोमाभाऊ, मी तुमच्या पोरीला फसवलं." "सोमाभाऊ, त्या दिवशी मी फोटो काढलाच नाही." दोन्ही वाक्यं चांगली होती. अंगणात पोहोचलो. सोमा आणि त्याची बायको पारबता पानांचे पुडे बांधत बसले होते. दोघंही माझ्या हाताकडे बघत उठले.

"सोमाभाऊ," मी म्हटलं, "रीळ खराब निघालं. आत उजेड शिरला."

"अरे अरे," तो म्हणाला. "सारंच गेलं?"

"नाही. तेवढंच."

गुरुजींच्या घरी अल्बम पोहोचून आठवडा झाला होता. गावानं पाहिला होता. सोमानंही पाहिला असणार. त्यानं हातातला पुडा खाली ठेवला आणि म्हणाला, "होते जी. तुमचं बी त नुकसान झालं. एवढ्या उन्हात सांगाले आले, हेच लय झालं." त्यानं मला खाटेवर बसवलं आणि मडक्यातलं पाणी दिलं. मला! मी पाणी प्यायलो. गार होतं.

पारबता घरात गेली. बाहेर आली ती धाकटीला घेऊन. सगुना, चार-साडेचार वर्षांची. तिच्या अंगात तोच निळा फ्रॉक घातला होता आणि तो घोट्यापर्यंत येत होता.

"हिचा काढा," पारबता म्हणाली. "हिचं तोंड तिच्यावानीच हाये. पाहाले त होईन."

मी नाही म्हणू शकत होतो का? मी सगुनाला छपराच्या कडेला, सावलीत उभी केली. सारवलेल्या अंगणावरून ऊन परतून तिच्या तोंडावर येत होतं, मऊ, दुधासारखं. काय उजेड होता तो! त्या मासिकांतही तसा नव्हता. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. ती दाराकडे बघत होती, आतून कुणी यायचं असावं तशी. मी बाराच्या बारा फोटो काढले. जीव ओतून काढले. आयुष्यात पहिल्यांदा मला हवं तसं लेकरू माझ्या काचेत होतं आणि माझे हात अगदी स्थिर होते. ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

काढून झालं. मी कॅमेरा मिटला. दोघं अजून वाट बघत उभे.

"लाइट नाई मारली जी?" सोमानं विचारलं.

"दिवसा नाही लागत लाइट. चांगला उजेड आहे."

"लाइटीबिना कसा निघन?" पारबता म्हणाली. "मैनाच्या टायमाले त मारली होती. तवा बी दिवसच होता."

 मी पेटीतून फ्लॅश काढला, बॅटरी लावली, सगुनासमोर धरला आणि मागचं बारकं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. पोर दचकली आणि रडायला लागली.

"हं, आता निघाला," सोमा म्हणाला. पारबतानं पदरानं तोंड पुसलं.

पाऊस पडायच्या आत मी फोटो नेऊन दिला. मोठा करून, चांगल्या जाड कागदावर. पारबतानं तो दोन्ही हातांनी घेतला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, "मैना."

"मी हाव ते," सगुना तिच्या कमरेपाशी उभी होती, टाचा उंचावून बघत.

"चूप व," पारबता म्हणाली. रागानं नाही, नुसतंच.

सोमानं मान खाली घातली.  कोऱ्या चहाचा कप संपवून उठलो. वळून पाहिलं तर पारबता धान्याच्या कोठीवर फोटो उभा करत होती, आणि त्याच्या खालच्या कडेला तिनं हळदीचं बोट लावलं होतं.

पुढे माझं लेकरांच्या फोटोंसाठी बऱ्यापैकी नाव झालं. वरोरा, बल्लारशा, लांबलांबून लोक पोरं घेऊन येत. तुम्ही पोरांना हसवत नाही, खेळवत नाही, तरी असे फोटो कसे निघतात, असं विचारत. मला त्याचं कारण माहीत होतं. माझं मन मधे लुडबुड करत नसे. समोरचं लेकरू गोड आहे, रडवं आहे, आजारी आहे, मला सगळं सारखंच. मी फक्त उजेड बघायचो. जंगलंही पुष्कळ काढली. ताडोब्याचं पाणी, सिरोंच्याकडचा नदीचा पसारा, चपराळ्याचा संगम. लोकांनी वाखाणलं. बरं वाटलं म्हणायची पद्धत आहे म्हणून मी "बरं वाटलं" म्हणायचो.

आता तर मोबाइल आले. माझी नात फोटो काढला की लगेच हात पुढे करते, "दाखवा, दाखवा." एका सेकंदात बघते, नाक मुरडते, पुसून टाकते, पुन्हा काढायला लावते. तिला कुणी खाली लाइट मारून दाखवावी! कधी कधी वाटतं, मैनानंही असाच हात पुढे केला असता तर बरं झालं असतं. माझी तिथंच फजिती झाली असती, मी ओशाळून खरा फोटो काढला असता, आणि गोष्ट तिथं मिटली असती. पण तिनं विश्वास ठेवला.

मी ते सगळं मागे टाकलं असं म्हणत होतो, तेवढ्यात, म्हणजे तेच ऐंशीचं दशक संपता संपता, मला एका आश्रमशाळेचं काम आलं. मुलामुलींच्या फॉर्मवर लावायचे छोटे फोटो. शाळेच्या व्हरांड्यात पांढरी चादर बांधली होती, समोर स्टूल, आणि स्टुलासमोर अंगणभर रांग. पहिलीची पोरं कुणाची कोण ते नंतर कळत नाही, म्हणून त्यांच्या हातात नाव लिहिलेली पाटी द्यायची असं मास्तरांनी ठरवलं होतं. मोठ्यांना पाटीची गरज नव्हती. मोहाचेच दिवस होते. शाळेच्या मागून वास येत होता आणि मी आपला "बस, मान सरळ, झालं, पुढचा" करत होतो.

एक मुलगी स्टुलावर बसली आणि सरळ माझ्याकडे पाहायला लागली. दहा-अकरा वर्षांची.

"तुमी आमच्या घरी आल्ते," ती म्हणाली. "फोटो काढाले."

"कुठलं गाव तुझं?"

तिनं गाव सांगितलं. माझा हात कॅमेऱ्यावर तसाच राहिला.

"सगुना?"

"हो जी." मग तिनं मास्तरांकडे एकदा पाहिलं, स्टुलावरून पुढे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, "घरी तो मैनाचा फोटो हाये ना, तो माहा हाये. मले ठाव हाये. दरसाल आई त्याले हळद लावते. मी म्हटलं का, मी हाव, त रडते."

इतकी वर्षं मी जे वाक्य जुळवत होतो ते तिथं, चाळीस पोरांच्या रांगेसमोर, त्या पोरीला सांगितलं. "तुझाच आहे तो. मैनाचा मी काढलाच नव्हता. नुसती लाइट मारली होती, खाली. रीळ वाचवायला."

ती रागावली नाही. तिनं फक्त हिशेब जुळवल्यासारखं विचारलं, "म्हंजे तिचा कुठीच नाई?"

"कुठेच नाही."

"मंग आईले नका सांगू," ती म्हणाली. "राहू द्या तो तिचाच."

तेव्हा मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, एवढं की कॅमेऱ्याची काच मला दिसेना. इतक्या वर्षांचं एकदम आलं आणि मी बावळटासारखा रुमाल शोधत राहिलो. मागची पोरं खिदळायला लागली. सगुना मात्र स्टुलावरून उतरली, पहिलीच्या एका पोराच्या हातातली पाटी तिनं काढून घेतली, थुंकी लावून पुसली, त्यावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं आणि पाटी छातीशी धरून परत येऊन बसली.

"ए सगुना, पाटी ठेव खाली," मास्तर म्हणाले. "ते लहान्यासाठी आहे. तुझं नाव फॉर्मवर आहे ना."

"राहू द्या ना सर," ती म्हणाली. "नाई त घरी गेला का हा बी तिचाच होते."

मास्तर माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, आणि फोटो काढला.